डाव्या सीटवरचा उन्हाळा

गाडीचा एसी तपासताना मेकॅनिकने मला डाव्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगपाशी बसला. "जाळीपुढे हात धरा," तो म्हणाला. हवा चक्क गरम होती. त्याच्या बाजूला मात्र छान गारवा. "आतली झडप अडकलीय, साहेब. इकडे बसणारं कुणी काही बोललं नाही?"

बोलली होती. सबंध उन्हाळा माझी बायको शैला त्या सीटवर ओढणीने वारा घेत सांगत होती, "माझ्याकडे गार येत नाहीये हो." आणि एकदा तिच्या बहिणीसमोर मी हसत म्हणालो होतो, "एसी ठीक आहे, हिचंच वय झालंय." त्यानंतर ती गप्प झाली. मला वाटलं, पटलं तिला.

शेजारच्या माणसाचा उन्हाळा आपल्याहून वेगळा असू शकतो, हे इतकी वर्षं संसार करून मला कळलं नव्हतं. नुसता हात लांब केला असता तरी कळलं असतं.

घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, चुकलो म्हणालो. मेथी निवडता निवडता तिने विचारलं, "म्हणजे त्याने सांगितल्यावर पटलं तुम्हाला?"