साहेबाचे दोन पेरू

माझ्या घरात पेरू येत नाही. सुनेला ठाऊक आहे, नातवंडांना ठाऊक आहे, पाटी घेऊन दारावर येणाऱ्या बाईलाही ठाऊक आहे. ती आमच्या ओट्यापुढून मुकाट्यानं निघून जाते. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचे दात गेले म्हणून. दात गेले हे खरं, पण पेरूवरचा राग दात होते तेव्हाचा आहे.

यंदा माझा पुतण्या आला. रेल्वेत कारकून आहे. म्हणाला, "काका, नाताळ आलाय, साहेबाला डाली न्यायची आहे. काय काय घालू टोपलीत?"

मी म्हटलं, "तुझं डोकं घाल."

तो रुसून गेला. त्याला कारण कुणी सांगितलेलं नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलोय. जोडाक्षर चुकलं तर वाचणाऱ्यानं आपलं सुधारून घ्यावं, मला शिकवायला येऊ नये.

आमचं गाव ठाणा आणि कल्याण यांच्या मधलं, खाडीकाठचं. गावापुढे रेल्वेचे रूळ, रुळांपलीकडे मिठागरं, आणि मिठागरांच्या टोकाला आमचं स्मशान. गाडी सुरू झाली तेव्हा मी जन्मलेलोसुद्धा नव्हतो. तेव्हापासून आमची माणसं रूळ ओलांडून मीठ काढायला जात होती आणि मेली की त्याच वाटेनं खांद्यावरून जात होती. कुणाचं काही बिघडलं नाही. मग ठाण्याला नवा साहेब आला, रुळांवर देखरेख करणारा. त्यानं दोन्ही बाजूंना तारा ठोकल्या. चार चार पदरी, ताणून. गुरं रुळांवर येतात म्हणे. गुरांसाठी आम्हाला कोंडलं.

पलीकडे जायला उरली रुळांखालची मोरी. जिवंत माणूस वाकून जायचा. पण मढं? मोरी एवढी ठेंगणी की तिरडी खांद्यावर राहायचीच नाही. हातात धरून, गुडघ्याएवढ्या चिखलातून, ओढत न्यायची. एकदा शेजारची आजी वारली. आमचा भरतीचा अंदाज चुकला. पाणी मोरीत शिरलं, तिरडी हातातून सुटली, आणि आजी पलीकडच्या तोंडानं आमच्या आधी बाहेर पडली. तिचा मुलगा रडता रडता म्हणाला, "आयस जल्मभर घाईतच व्हती." तिथं उभे होते ते सगळे हसले. मी हसलो नाही. मला तेव्हापासून त्या साहेबाचा गळा धरावासा वाटत होता.

माझा बाप गावाचा म्होरक्या. त्याला त्या पावसाळ्यापासून खोकला लागलेला, आणि खोकल्यात रक्त. त्याला स्वतःला कळत होतं. एक दिवस मिठाच्या राशीला टेकून बसलेला, मला म्हणाला, "आरं, मना मोरीतून न्यायचं नाय."

मी म्हटलं, "बा, असलं काय बोलतोस?"

"बोलतो तेच बोलतो. मना खांदा पायजे. हातानं धरून न्यायला मी काय कोलंबीची पाटी हाय? साहेबाकडून फाटक घे. मी हाय तवर घे."

मी शब्द दिला. दोन अर्ज मी माझ्या हातानं लिहिले, माझ्या अक्षरात, आणि ठाण्याच्या कचेरीत नेऊन दिले. उत्तर नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिथला कारकून दया येऊन म्हणाला, "अरे बाबा, कागदानं कुठं फाटक उघडतं? नाताळ आलाय. साहेबाला डाली द्या. त्याच्या बटलरला विचारा, साहेबाला काय आवडतं ते."

डाली म्हणजे साहेबाला द्यायची भेटीची टोपली. आमच्याकडे डालगं म्हणतात ते कोंबड्या झाकायचं. हे तरी माझ्या टाळक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

बटलर गोव्याकडचा ख्रिस्ती. टेंभी नाक्यावरून पुढे साहेबाचा बंगला, त्याच्या मागच्या दारी तो कांदे सोलत बसलेला. बा आणि मी हात जोडून उभे राहिलो.

"साहेबाला नाताळाला काय आणू?" मी विचारलं.

"पेरू," तो म्हणाला. "साहेबाक पेरू जाय. दोन पुरो. बरे मोठे, दाट. नाताळाच्या सकाळी हाड, ताजो पायजे. हांव भरतलों आनी भाजतलों."

बानं माझ्या कानात विचारलं, "काय बोल्ला?"

"पेरू पाहिजेत. नाताळाच्या सकाळी ताजे आणायचे. भरून भाजणार म्हणाला."

"पेरू भाजतात?"

"साहेब लोकांचं काय सांगावं? आपण वांगी भरतो, ते पेरू भरत असतील."

बा कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. म्हणाला, "दोन पेरू कुनी मागतो का रं? पुन्ना ईचार त्याला. त्याची बोली येगळी हाय."

इथं मी सांगून टाकतो, कारण पुढं कुणी माझी बाजू घेऊन खोटं बोलायला नको. मी पुन्हा विचारलं नाही. मी म्हटलं, "बा, मी शाळेत गेलोय. पेरू म्हणजे पेरू. आणि दोन म्हणजे दोन शेकडा. साहेबाला कुणी दोन नग नेत नाही." बा गप्प बसला. लिहिता येणाऱ्या मुलापुढे तो नेहमीच गप्प बसायचा. तेवढीच माझी कमाई.

आंबिवलीला माझ्या मामाचा मळा होता. तिथून मी दोनशे पेरू आणले, एकेक हातात घेऊन निवडलेले. डाग असलेला एक घेतला नाही. नव्या टोपल्या, खाली केळीची पानं, वर झेंडूच्या माळा, त्यावर बायकोनं तिची लग्नातली लाल ओढणी झाकली. नाताळाच्या पहाटे भरती धरून होडीनं ठाण्याच्या बंदराला लागलो. तिथून टोपल्या डोक्यावर घेऊन चालत. बानं धुतलेलं पागोटं बांधलेलं. दम लागत होता, पण टोपली खाली ठेवीना. वाटेत कुणी विचारलं की सांगायचा, "फाटक आनाय चाललोय."

बंगल्याच्या व्हरांड्यात दहा-बारा गोरी माणसं, मडमा, फुलांच्या माळा. बटलर धावतच आला. त्याच्या अंगाला मसाल्याचा वास. साहेबानं पाहुण्यांना काहीतरी मोठ्यानं सांगितलं, टाळ्या झाल्या. आम्हाला वाटलं, आमच्यासाठी. बानं मान लववली.

बटलरनं ओढणी उचलली आणि "सायबा!" एवढंच म्हणाला. तो कुठल्या साहेबाला हाक मारत होता, खालच्या की वरच्या, कुणास ठाऊक.

मग पाहुणे हसायला लागले. एका मडमेनं एक पेरू उचलला, पदराबिदराला न पुसता तसाच चावला आणि मान डोलावली, बरा आहे म्हणून. त्यामुळं साहेबाचं डोकं आणखीच फिरलं. त्यानं टोपलीला लाथ मारली. पेरू पायऱ्यांवरून गडगडत खाली आले. एक उचलून त्यानं बटलरवर फेकला. बटलर खाली वाकला, आणि तो पेरू माझ्या बाच्या पागोट्याला लागला. पागोटं पडलं.

गावच्या म्होरक्याचं पागोटं. गोऱ्या बायका-पुरुषांपुढे.

बानं ते उचललं, झटकलं, डोक्यावर ठेवलं आणि मला म्हणाला, "फाटकाचं ईचार."

मी विचारलं. साहेबानं बोट दाखवलं ते बंगल्याच्या फाटकाकडे. "वो रहा फाटक," म्हणाला. "निकलो."

पाहुणे पुन्हा हसले. विनोद बरा होता. मला आजही कबूल आहे, बरा होता.

फाटकाबाहेर बटलरनं आम्हाला गाठलं. रडकुंडीला आलेला. "अरे, पेरू! पेरू!" असं म्हणत त्यानं कोपरं उडवली, छाती फुगवली, गळ्याखालची कातडी दोन बोटांनी धरून हलवली आणि घशातून गुडगुड असा आवाज काढला. फिरंगी लोकांची ती मोठी कोंबडी, टर्की, तिला त्याच्या बोलीत पेरू म्हणतात. साहेबानं महिनाभर आधीच सगळ्यांना तिच्या मेजवानीचं सांगून ठेवलेलं. चूल पेटलेली, आत भरायचा मसाला तयार, आणि पक्षी म्हणून आम्ही दोनशे फळं नेलेली.

होडीत बसल्यावर बा हसायला लागला. "पाखरू व्हतं रं! पाखरू!" म्हणायचा आणि हसायचा, हसून खोकायचा, खोकून पाण्यात थुंकायचा. पाणी लाल व्हायचं. मी वल्हं आपटलं. म्हटलं, "बा, हसू नकोस." तर म्हणाला, "आता फाटक नाय भेटत. हसूं तरी दे." शाळेत गेलोय म्हणणाऱ्या मुलाला तो एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तो माघात गेला.

माणसं बांबू बांधत होती तेव्हा मी लोहाराची छिन्नी-हातोडी घेऊन एकटा तारेपाशी गेलो. दुसऱ्या कुणाचा हात त्यात नको होता. चार पदर अलीकडचे, चार पलीकडचे. दोन्ही हात फाटले. मग परत येऊन मडकं धरलं आणि पुढं झालो. मागून बा, चार खांद्यांवर, सरळ.

आम्ही रुळांवर चढलो आणि कल्याणकडून मालगाडी आली. रुळांवर काम करणारा मुकादम आमच्याच गावचा. नोकरीची भीती, पण त्यानं लाल बावटा धरला. गाडी आमच्यापासून पन्नास पावलांवर थांबली, वाफ सोडत. ड्रायव्हरनं आधी शिव्या दिल्या, मग तिरडी पाहून टोपी काढली. मी चाल वाढवली नाही. बाला कधी घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिपाई आले. रेल्वेची तार तोडली, गाडी अडवली. मला ठाण्याच्या तुरुंगात पंधरा दिवस. दहावा चुलतभावानं केला. कावळा लगेच शिवला म्हणतात. शिवणारच. बाचं काम झालेलं होतं.

तार पुन्हा जोडली गेली. गाव पुन्हा मोरीतून जाऊ लागलं. आणि दोन वर्षांनी, पुन्हा नाताळातच, तोच साहेब पाहुणे घेऊन आमच्या खाडीवर बदकं मारायला आला. त्यांची घोडागाडी मोरीतून जाईना. मडमांना चिखलातून चालवेना. पंधरा दिवसांत फाटक झालं. लाकडी, पांढरं रंगवलेलं, राखायला माणूस.

रेल्वेच्या कागदात त्याला आकडा आहे. आसपासची माणसं त्याला पेरूचं फाटक म्हणतात. नवी माणसं विचारतात, इथं पेरूचं झाड कुठं आहे?

मी त्या फाटकातून आजवर गेलेलो नाही. मिठागरात जायचं तर मोरीतून वाकून जातो. सत्तरी ओलांडली तरी जातो. गुडघे शिव्या देतात, मी साहेबाला देतो.

परवा मुलाला जवळ बसवून सांगितलं, "मी गेलो की छिन्नी माळ्यावर आहे, डाव्या कोपऱ्यात. तेल लावून ठेवलीय. मला आजोबाच्या वाटेनं न्यायचं. तार तोडून."

तो म्हणाला, "अहो बाबा, दहा पावलांवर फाटक आहे. उघडंच असतं. उगाच मला तुरुंगात कशाला घालता?"

"पंधराच दिवस आहेत," मी म्हटलं. "आणि ते फाटक बदकांचं आहे."

तो अजून हो म्हणालेला नाही. म्हणून मी अजून आहे.