गाभण म्हशीचे कुळीथ

ये गो बाय, अशी आजीच्या जवळ सर. परवा आलीस ती उंबऱ्यातूनच पळालीस, आणि जाता जाता काय सांगून गेलीस? सातवा महिना लागला म्हणून सासू हात राखून वाढते, आणि तूही गप खातेस! शिकलेली ना तू? मग ऐक.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत नांदत होते. नवरा मुंबईला गिरणीत. पहिल्या खेपेला सातवा लागला आणि सासूनं मला अर्ध्या भाकरीवर आणलं. पोर पोटात मोठं झालं तर बाळंतपणात अडेल, म्हणायची. वाडीत रीतच होती ती. थोरली जाऊ तशी अडली होती. डोलीत घालून महाडला नेताना वाटेतच गेली. सासूची भीती खरी होती, मान्य. पण तिच्या भीतीपायी उपास मी का काढायचे?

गोठ्यात म्हैसही गाभण होती. तिला कुळीथ शिजवून घालायचं काम माझंच. एकदा त्या वासानं भूक आवरेना. मूठभर काढून तोंडात टाकले, तर सासू दारात.

"म्हशीच्या तोंडचं खातेस? लाज नाय?"

"आत्याबाय, तिचं रेडकू मोठं झालेलं चालतं, माझंच पोर नाय?"

"म्हशीला डोलीत घालून डोंगर उतरवावा लागत नाय गो, फाटक्या तोंडाचे!"

ओसरीवर सासरे हसले. ते हसू आठवलं की अजून अंगाचा भडका उडतो. दुसऱ्या दिवसापासून कुळीथ सासूच घालायला लागली.

मुलगी झाली. मी सहज सुटले, सासू खूश. पण पोर पसाभर, छातीला लावली तर ओढायची ताकद नाही. पाचवी पुजली, बारसं झालंच नाही. "देवाची मर्जी," म्हणाले सगळे. कसली मर्जी! उपाशी मारलीत तिला, जन्माआधीच!

पुढच्या खेपेला महाडच्या दवाखान्यात नर्सबाईनं सांगितलं. पोर पोटात आपल्या जेवणाच्या शेजारी दाटीवाटीनं बसलेलं नसतं, त्याची पिशवी वेगळी. आईनं खाल्लेलं तिच्या रक्तात उतरतं, तिथून पिशवीला चिकटलेल्या वारेत, वारेतून नाळेवाटे पोराच्या बेंबीत. आईच्याच अंगात काही नसेल, तर नाळ काय पोचवणार? मी नुसते दात खाल्ले. कुणाशी भांडायचं आता?

तू मात्र भांडतही बसू नकोस. आता मोटार दारात येते, दवाखाना जवळ आहे, मग कशाला भ्यायचं? घरी जा, कपड्यांची पिशवी भर आणि नीघ. माझ्याकडं पोटभर जेव. येत्या बाजारच्या दिवसाआधी ये गो.