रियाधमधला गोग्रास

काल शुक्रवारी मी आफ्रिका बघून आले... तीही रियाधच्या वाळवंटात!

आमच्या सुरेशचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर तो इथे नोकरी करतो तो शेठ, त्याचं गावाबाहेर मोठं फार्म आहे. सध्या तेलाला भाव आहे ना, त्यामुळे या लोकांच्या हौसेला काही धरबंदच नाही. याने आफ्रिकेतून जिराफ, झेब्रे, शहामृग आणून मोकळे सोडलेत. सुरेशला म्हणाला, तुझी आई आलीय तर घेऊन ये, सफारी करू.

सुरेश मात्र धास्तावला. त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आलेला आणि नव्याचा कागद कफीलच्या सहीसाठी अडकलेला.

"आई, कुठल्या जनावराला काही खायला घालू नकोस. कुणीतरी वेफर्स दिले नि झेब्रा आजारी पडला, तेव्हापासून कफील जाम चिडतो. हात जोडतो तुला."

म्हटलं, बरं बाबा.

आता माझी अडचण ऐका. गावी पहिली भाकरी गायीची, मग आमची. सासूबाईंनी लावलेली सवय. इथे येऊन दोन महिने झाले, पण गाय काही दिसेना... दूध येतं ते बाटलीतून! तरी मी घास बाजूला काढते. सुरेश संध्याकाळी वर्कशॉपमधून आला की तोच खातो, वर म्हणतो, "आई, समज मीच तुझी गाय." पण मला काही जेवल्यासारखं वाटत नाही हो.

म्हणून निघताना तांदळाची एक भाकरी नि गुळाचा खडा पदरात बांधला. वरून काळा अबाया, इथला पायघोळ बुरखा... कुणाला काय दिसतंय!

गाडी कफील स्वतः चालवत होता, शेजारी सुरेश. मागे मी, नात तन्वी आणि कफीलची म्हातारी आई. तिचे नुसते डोळे दिसत होते. बोलणार काय, आम्ही दोघी आपल्या एकमेकींकडे बघून हसत होतो.

जिराफ बघितला. असा एक आमच्या परसात हवा होता, शेवग्याच्या वरच्या शेंगा दर वर्षी वाळून जातात...

मग एका पाणवठ्याशी कफील नि सुरेश पंप बघायला खाली उतरले. आणि समोरून ती आली. भुरा रंग, खांद्यावर उंचवटा, गळ्याखाली लोंबणारी कातड्याची पोळी. थेट खिडकीशी येऊन उभी!

मी म्हटलं, "अगं बाई, गाय!"

"आजी, दॅट्स नॉट अ काऊ! इट्स अॅन अँटिलोप. इलँड म्हणतात."

"हरणाला कधी पोळी असते का गं?"

ती कपाळाला हात लावेपर्यंत मी गाठ सोडून भाकरी काढली. हात खिडकीबाहेर घालणार, तोच म्हातारीने माझं मनगट घट्ट धरलं. मेले! गेला आता सुरेशचा इकामा...

म्हातारीने हळूच इकडेतिकडे बघितलं. मग स्वतःच्या अबायात हात घातला आणि मूठभर खजूर काढले. अगं बाई, ही पण चोरून!

मग काय, मी भाकरी धरली, तिने खजूर. गाय आळीपाळीने दोघींचं खातेय, तन्वी "ओ माय गॉड" करतेय... आणि कफील वळला.

"यम्मा!" तो आईवर ओरडला. सुरेशचा चेहरा पांढराफटक.

म्हातारीने जे काही सुनावलं, त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण सूर ओळखीचा होता. मला नको शिकवूस, सूर तोच. एवढा मोठा शेठ, पण मान खाली! मग सुरेशकडे बघून म्हणतो कसा, "युवर मामा, माय मामा... सेम सेम!" आणि दोघं हसले. सुरेशला त्याच्यासमोर हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

निघताना कफीलने आपणहून सांगितलं, इकाम्याची सही उद्या. आणि म्हातारीने खुणेने विचारलं, पुढच्या शुक्रवारी भाकरी आणशील? एक गायीला... आणि एक मला.

घरी आल्यावर सुरेश सवयीने स्वयंपाकघरात आला. "आई, माझा घास?"

म्हटलं, "तुझी ड्युटी खलास!"

आणि काल रात्री मी पोटभर जेवले. ती गायही बिचारी परमुलखातून आलेली, पण माझ्या हातची भाकरी गोड मानून घेतली तिने... देव तिला सुखात ठेवो. त्या म्हातारीलाही.