भांगेचा पेला आणि फोर्कलिफ्टची चावी

बार्शीहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भांडण होतं. भाकरी इंदापूरच्या आसपास संपली. भांडण पुण्यापर्यंत ताजं राहिलं.

माझा धाकटा भाऊ दत्ता चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडे फोर्कलिफ्ट चालवतो. पुढे दोन लांब लोखंडी सुळे असलेली, जड माल उचलणारी गाडी असते ती. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी कंपनीत त्याची लघवी तपासली, तीत भांग निघाली आणि त्याला घरी बसवलं. तेही नोकरीत कायम होण्याची वेळ आली असताना. ठेकेदाराने फोनवर मला ऐकवलं, "ताई, तुमचा भाऊ गंजाडी निघाला."

आई-वडील लवकर गेले, दत्ताला मी वाढवलं. जुन्या कपड्यांवर भांडी देत बार्शीची गल्ली न गल्ली पालथी घातली, तेव्हा कुठे आज स्वतःचं दुकान आहे. माझ्या भावाला कुणी गंजाडी म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं?

शिवाय राग जुना होता. माझा नवरा दारूने गेला. परवान्याच्या, पाटी लावलेल्या दुकानातल्या दारूने. त्याची कुणी कधी तपासणी केली नाही. तेव्हापासून माझं मत ठाम होतं: एवढं विष राजरोस विकता, तर गांजाभांगेनेच काय घोडं मारलंय? त्यालाही परवाना द्या. हे मत मी गिऱ्हाइकांना भांड्याबरोबर फुकट देत असे. आता ते कंपनीच्या साहेबाला द्यायचं होतं.

शिवाजीनगरहून लोकल पकडून कासारवाडीला उतरले. स्टेशनाबाहेर मान वर केली तर पुलावर पूल, त्यावर मेट्रो. कुणीतरी रस्त्यांचीच उतरंड रचून ठेवली होती. रिक्षावाल्याला चाकणचं भाडं विचारलं आणि माझा दर सांगितला.

"मावशी, एवढ्यात तर रिक्षा ढकलत न्यावी लागेल."

"ढकल की. मी आत बसते."

तो खो खो हसला. "माझ्या नादाला लागू नका. नाशिक फाट्यावरून बस आहे." असं म्हणून माझी पिशवी उचलून त्याने मला थांब्यापर्यंत नेलं आणि काही घेतलं नाही. घासाघीस जिंकूनही हरल्यासारखं मला पहिल्यांदाच वाटलं.

भोसरी गेली, मोशीला इंद्रायणी ओलांडली आणि बस वाहतुकीत रुतली. खिडकीशेजारी नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेला ट्रेलर उभा होता. त्या मोटारींना अजून नंबरही नव्हते, आणि प्रवासाची हौस मात्र त्यांची माझ्याआधीच फिटली असावी. चाकणला उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल पायात, एक हातात, अशी मी दत्तासमोर उभी राहिले.

"आक्का, भांडायला आलीस ना?"

"नाही, हवा खायला आले."

"ती चप्पल आधी खाली ठेव, लोक बघतायत."

दत्ताची खोली चाकणबाहेरच्या एका गावात, द्वारकाबाईंच्या घरामागे आहे. त्यांच्या अर्ध्या रानात आता कुणाचं तरी गोदाम उभं आहे, उरलेल्या अर्ध्यात कांदा. मावळतीच्या उन्हात कांद्याची पात पिवळी पडलेली आणि तिच्यामागे गोदामाचं निळं पत्र्याचं छप्पर, असं ते दृश्य होतं. द्वारकाबाईंचे यजमान, पांढऱ्या मिशांचे शांत गृहस्थ, न विचारता माझी चप्पल घेऊन गेले आणि तार ओवून परत घेऊन आले.

जेवायला मासवडी होती. (नावात मासा असला तरी पानात नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसणाचं सारण भरून वळलेली वडी, सोबत झणझणीत रस्सा.) पंगतीला दत्ताच्या खोलीतला त्याचा जोडीदार सुखदेवही होता. परभणीकडचा, त्याच कंपनीत माल चढवणारा. तो खाली मान घालून जेवत होता.

"आमच्याच म्हाताऱ्यानं घोटली व्हती भांग," द्वारकाबाई म्हणाल्या. "दरसाल देवळात घोटतो. शिवरात्रीचा परसाद, त्याला न्हाई कसं म्हनायचं?"

"तेच मी म्हणते! मग गुन्हा कसला? राजरोस करून टाका सगळं."

"आता बघा बाई. मागं आमच्याकडं एक भाडेकरू व्हता. खिशात गांजाची पुडी घावली, पोलिसांनी नेला. नोकरी गेली, सोयरीक मोडली. पुडी इकनारा अजून टपरीमागं बसतोय."

"म्हणूनच म्हणते, परवाना द्या."

"व्हय. आन मग कंपनीच्या गेटाम्होरं दुकान लागंल. दारूचं लागलंच की. पगाराच्या दिवशी बाया तिथं जाऊन हुभ्या ऱ्हात्यात, नवरा आत शिरायच्या आदी धरायला."

मी रस्सा वाढून घेतला. बार्शीतल्या तशाच एका दुकानाच्या पाटीखाली मी कितीदा उभी राहिले, ते द्वारकाबाईंना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

सकाळी कंपनीच्या गेटावर गेलो. सुखदेवही आमच्याबरोबर आत आला. कारखान्यातल्या सुरक्षेचं काम बघणारे साहेब चाळिशीतले, आवाज हळू. त्यांनी मला खुर्ची दिली. मला भांडायचं असलं की मी खुर्ची घेत नाही.

"साहेब, दारू पिऊन रविवार घालवणारे तुमच्याकडे सोमवारी कामावर येतात. दारू नळीत फुंकून घटकेत कळते नि घटकेत उतरते. भांग आठवडे अंगात सापडते. हा कुठला न्याय? आणि वकिलाला विचारून आलेय मी. गांजाच्या कायद्यात झाडाचं बोंड येतं, नुसतं पान येत नाही. भांग पानाची."

"ताई, मी पोलीस नाही. पान आणि बोंड वकिलांनी बघावं. मी एवढंच बघतो, की गाडी मागे घेताना मागचा माणूस दिसला का?" मग ते दत्ताकडे वळले. "बहिणीला सगळं सांगितलंस?"

बोलला तो सुखदेव.

"मागचा माणूस म्हंजे मी, आक्का."

मी आता खुर्चीत बसले.

"सकाळची शिफ्ट. मी वरडायलो, अन् ह्याला ऐकूच येईना. गाडी मागं येतीच आहे. माझ्या पाठीशी भिंत. चाक माझ्या बुटापाशी येऊन थांबलं बघा. मी शिव्या घालायला तोंड उघडलं, तवर हा खाली उतरून चालायला लागला. इथं येऊन टेबलावर चावी ठेवली अन् म्हनला, माझ्या पोटात रातची भांग आहे, मला तपासा."

तपासणी त्याने स्वतः मागितली होती. ठेकेदाराने मला हे सांगितलं नव्हतं, आणि दत्ताने तर नाहीच.

"का रे सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"सुखदेवचं सांगावं लागलं असतं ना, आक्का."

प्रसाद, परवाना, पान, बोंड, कशाचाच त्या भिंतीपुढे टिकाव लागेना. साहेब म्हणाले, "मी याला गाडीवरून उतरवा म्हटलं होतं. घरी बसवलं ते ठेकेदाराने. त्याच्याशी मी बोलतो. पण पुन्हा गाडी द्यायची, तर याच्या मागे उभं राहून काम करणाऱ्याने हो म्हणायला हवं. आमच्याकडे तशी रीत आहे."

सगळे सुखदेवकडे बघू लागले. त्याला भीड पडू नये म्हणून मीसुद्धा तोंड मिटून बसले. मला ओळखणाऱ्यांना यावर विश्वास बसणार नाही.

सुखदेवने डोकं खाजवलं. "भांगेत काय वाईट आहे, असं मला कुनी सांगू नका. मी ते चाक बघितलंय. पन ज्यानं स्वतः होऊन चावी दिली, त्याच्याच मागं उभं राहायला बरं. दुसऱ्यांचं काय कळतंय? मी राहतो उभा." मग दत्ताला कोपराने ढोसून म्हणाला, "फुडल्या शिवरात्रीला मात्र तुला ताक."

"आत्ता पॅकिंगमध्ये बसेल," साहेब म्हणाले. "पुन्हा तपासणी होईल, स्वच्छ निघाली की चावी."

माझ्यातली दुकानदारीण जागी झाली. "होळीला देऊन टाका."

"होळीला? म्हणजे दुसरा पेला झाल्यावर?"

सुखदेवला हसू आवरेना. "बरं, पाडव्याला," मी म्हणाले.

"तपासणी मुहूर्त बघत नाही, ताई. पण पाडव्याच्या सुमाराला घेऊ."

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या दरात सौदा केला, आणि तो स्वस्तात पडला.

निघताना द्वारकाबाईंनी पिशवीत कांदे भरले. त्यांचे यजमान दाराशी येऊन म्हणाले, "फुडच्या साली इचारून वाटीन. सकाळच्याला कामावर जायाचंय का, म्हनून." सुखदेव बसपर्यंत पिशवी घेऊन आला. मी त्याचे आभार मानायला लागले, तर म्हणाला, "आक्का, बस सुटंल."

परतीच्या वाटेवर पिशवीत कांदेच तेवढे होते. बार्शीत लोक विचारतात, मग काय, गांजा राजरोस करावा का? पूर्वी मी एका दमात हो म्हणायची. आता म्हणते, खिशातल्या पुडीपायी कुणाला तुरुंगात घालू नका, त्याचा जन्म नासतो. देवळात घोटलेल्या पेल्याला गुन्हा म्हणू नका. पण गेटासमोर आणखी एक पाटीही लावू नका, एका पाटीखाली मी उभी राहून आलेय. आणि ज्याच्या हातात चावी आहे, त्याने पेला घेतला तर ती ठेवून यावी. हे मत पूर्वीसारखं खणखणीत नाही. गिऱ्हाइकं ऐकतात आणि भांडं उलटंपालटं करून बघतात.

पाडव्याला संध्याकाळी दत्ताचा फोन आला. तपासणी स्वच्छ निघाली होती, चावी मिळाली होती.

"पहिल्यांदा गाडी मागे घ्यायची वेळ आली, आक्का. मान वळवून बघितलं, तर सुखदेव बरोबर त्याच भिंतीपाशी उभा. हात हलवत होता."

"काय म्हणत होता?"

"येऊ दे, म्हणत होता. येऊ दे, येऊ दे."