मोटरीखालचं रबर

काल आमच्या व्हाइटफील्डच्या सोसायटीत पंपाखाली रबरी पॅड बसवत होते. नव्या रबराचा तो उग्र वास आला आणि मी थेट जयनगरच्या जुन्या घरी पोचलो.

तिथे पाणी चढवायची मोटर आईच्या खोलीच्या भिंतीला लागून होती. ती सुरू झाली की पलंग थरथरायचा आणि कर्करोगाने पोखरलेली आईची हाडं ठणकायची. बाबा निवृत्त इंजिनियर, तेही मोटरींचेच. त्यांनी बेअरिंग बदललं, खाली जाड रबर घातलं. मी बॅटरी धरली, बहुतेक वेळ चुकीच्या बोल्टवर. शेवटी चालू मोटरीवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हललं नाही, तेव्हा बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

आईला काही कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलेलं. म्हणून डॉक्टरांचा विषय आम्ही स्वयंपाकघरात, मोटर चालू असतानाच काढायचो. दुसऱ्या सकाळी बाबांनी बटण दाबलं आणि सवयीने मोठ्यानेच म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, फार तर महिना."

आतून आईचा आवाज आला. "अहो, जन्मभर मोटरींचा आवाज कमी केलात. स्वतःचा कधी करणार?"

आम्ही दोघं दारात जाऊन उभे राहिलो. तेव्हा मला ती मोटर फोडावीशी वाटली. आज वाटतं, तिच्यामुळेच आमचं खोटं संपलं.

"गणपतीपर्यंत आहे का मी?" आईने विचारलं.

बाबा तिच्याजवळ बसले. "नाही."

"सरी," आई कानडीत 'बरं' म्हणाली. "मग सूनबाईला पाठवा. मोदकाची उकड आजच शिकवते."