वसुधाच्या नावावरची चूक

"अण्णा, अक्का गेली," एवढंच बोलून दत्ताने फोन ठेवला, तेव्हा मी बेंगळुरूत येलहंका भागातल्या नेहमीच्या दुकानात पडवळ निवडत होतो. दत्ता म्हणजे वसुधाचा धाकटा भाऊ. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. वसुधा तिथल्याच पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात अकरा वर्षं माझ्याबरोबर होती. हाताखाली होती असं म्हणवत नाही, कारण शिकलो मीच तिच्याकडून. तेराव्यानंतरच्या रविवारी शोकसभा झाली. आमचा एक जुना सहकारी उभा राहून म्हणाला, "हातून झालेली एक चूक वसुधाने शेवटपर्यंत स्वतःला माफ केली नाही. अशी माणसं आता कुठे?" लोकांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत बसून मीही हलवली. घरी येईपर्यंत माझा मलाच इतका संताप आला की जेवण गेलं नाही. ती चूक वसुधाची नव्हती. माझी होती. सोळा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही, आणि आता जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तीच नाही.

वसुधा मूळची निपाणीची. घरात मराठी, शाळा कानडी, आणि कामावर दोन्हींची मिसळ. आमच्याकडे धातू कापणाऱ्या यंत्रांचे नियंत्रक बनत, म्हणजे यंत्राला हलवणारा छोटा संगणक. त्या संगणकाच्या मुळाशी असलेल्या प्रणालीला, कर्नेलला, यंत्रातल्या मोटारी आणि पंप ओळखता यावेत म्हणून जे प्रोग्राम लागतात त्यांना ड्रायव्हर म्हणतात. ते वसुधा लिहायची. मी जुन्या वळणाचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. मला कळेना की मोटार चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर मोटारीचा पत्ता, म्हणजे तिचे आकडे लिहायची जागा, ठरलेला असताना ड्रायव्हर थेट त्या पत्त्यावर का लिहीत नाही. तिने मला बाहेर रस्त्यावर नेलं आणि समोरच्या घराची पाटी दाखवली. बेंगळुरूत कितीतरी घरांवर दोन नंबर असतात, जुना आणि नवा.

"बघा की सर. घर एकच, नंबर दोन. कार्डाला जुना नंबर ठाऊक, कर्नेलला नवाच चालतो. त्याचे नखरे! म्हणून आधी जुन्याचा नवा करून घ्यायचा."

"एवढंच?"

"एवढंच कसं? त्याच्याही आधी विचारायचं, ही जागा आणखी कुणी आपल्या नावावर लावलीय का. कर्नेल नाही म्हणाला तर परत फिरायचं. दुसऱ्याच्या घरात शिरून भिंत रंगवायची नाही, सर."

खरी मेख अशी, की विचारणं आणि नवा नंबर घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. न विचारताही नवा नंबर मिळतो. कर्नेल अडवत नाही. हे मला तिनेच सांगितलं होतं, आणि हेच मी वापरलं.

आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ती चार दिवस निपाणीला गेली होती. दुपारी गिऱ्हाईक यंत्र पाहायला येणार होतं. पाणी फिरवणाऱ्या पंपाचा ड्रायव्हर मी हौसेने स्वतः लिहिला होता. तो बसवला आणि तिचा मोटारीचा ड्रायव्हर सुरूच होईना. जागा दुसऱ्याच्या नावावर आहे, असा निरोप पडद्यावर येत राहिला. दुसरा म्हणजे कोण, हे बघायला दहा मिनिटं पुरली असती. मीच पंपाच्या नावावर लागते त्याहून लांब जागा लावून ठेवली होती, त्यात मोटारीची जागा गिळली गेली होती. पण मला वाटलं, हिचंच काहीतरी अतिशहाणपण. तिला फोन करण्यात माझ्या मानी स्वभावाला कमीपणा वाटला. तिच्या फाइलमधल्या विचारण्याच्या ओळींपुढे मी दोन तिरक्या रेघा मारल्या. अशा रेघा मारल्या की संगणक ती ओळ वाचत नाही. यंत्र झकास चाललं. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. दुसऱ्या दिवशी रेघा काढायच्या होत्या... राहिल्या.

तीन महिन्यांनी त्या गिऱ्हाइकाच्या कारखान्यात यंत्र चालू असताना पंप थांबून पुन्हा सुरू झाला. माझा ड्रायव्हर सुरू होताना आपली सगळी जागा पुसून शून्य करतो. त्यात मोटारीच्या ब्रेकचा आकडाही पुसला गेला. ब्रेक सुटला आणि वरचा जड भाग खाली आला. रेवण्णा नावाचा कामगार खाली लोखंड बसवत होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्ध्यावर गेली.

चौकशीच्या बैठकीत ती फाइल पडद्यावर लावली. त्या काळी आमच्याकडे कोणी कधी काय बदललं याची नोंद राहत नसे, नुसत्या फाइली एकावर एक चढवायच्या. वर नाव वसुधाचं, खाली त्या दोन रेघा. तपासणीच्या वेळी टेबलावर तीही कधी कधी अशा रेघा मारायची आणि नंतर काढायची. ती म्हणाली, "माझ्याकडूनच राहिलं असणार." मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढ्यातला कागद सरळ केला. बस्, एवढंच केलं मी.

मला तिचाही राग येतो, तोही लिहून टाकतो. जी बाई कर्नेलला विचारल्याशिवाय कुठल्या जागेला हात लावत नव्हती, तिने स्वतःच्या अपराधावर एका मिनिटात विश्वास ठेवला! एकदा तरी विचारायचंस, वसुधा, की सर, मी नसताना या फाइलला कुणी हात लावला का. विचारलं असतंस तर मी खोटं बोललो असतो का, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही.

त्यानंतर तिने ड्रायव्हर लिहिले नाहीत. व्हाइटफील्डच्या एका कंपनीत ती दुसऱ्यांचं काम तपासायला बसली. तिच्या हातचं काम ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल की हे काय वाया गेलं. मी निवृत्त झाल्यावर एकदा दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, आम्ही भेटलो. उभ्याउभ्या कॉफी पिताना मी सुरुवात केली, "वसुधा, त्या यंत्राचं..."

"सोडा की सर तो विषय. माझं मला ठाऊक आहे."

मला हायसं वाटलं. मी दुसरी कॉफी मागवली.

शोकसभेनंतर दत्ताला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "सरी अण्णा, ठीक आहे, होतं असं. आता कशाला?" जुन्या कारखान्यात गेलो. तिथला तरुण इंजिनिअर म्हणाला की ती फाइल आता कुणी वापरत नाही, पुसून टाकली तरी चालेल. कुणालाच नको होतं. मग दत्ताकडून पत्ता घेऊन गेल्या आठवड्यात दासरहळ्ळीला रेवण्णाकडे गेलो.

तो अथणीकडचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं किराणा दुकान आहे. मी दारातच सांगून टाकलं. तो डाव्या हाताने साखर तोलत होता. तोलणं थांबलं.

"म्हंजे अक्कांनी काय केलंच नव्हतं?"

"नाही."

"आन् तुम्हाला ठावं होतं."

"होतं."

"दर दिवाळीला यायच्या हो. माझा हात हातात घ्यायच्या. चुकलं माझं रेवण्णा, म्हणायच्या. मी म्हणायचो, अक्का, मी कवाच माफ केलंय." त्याने तराजू बाजूला सारला. "कशाची माफी दिली मी त्यांना, साहेब?"

मी बसायला दाराशी असलेल्या वेताच्या खुर्चीकडे वळलो.

"ती नको," तो म्हणाला. "ती अक्कांची." त्याने ती अर्ध्या बोटांच्या त्या उजव्या हातात धरून उचलली, आत नेऊन ठेवली आणि परत आला. बसायला दुसरं काही आणलं नाही.

"आता सांगा," तो म्हणाला. "पहिल्यापासून. स्वल्प हळू. तो पत्ता काय, त्या रेघा काय, सगळं मला समजायला पायजे."

मी उभ्यानेच सांगायला लागलो.