पदकाची कड वाचणारे काका

कुणी हातात जुनं मेडल ठेवलं की माणूस साहजिकच आधी त्यावरचं राजाचं चित्र बघतो. काका कधीच बघायचे नाहीत. मेडल दोन बोटांत उभं धरून ते दाराच्या उजेडाला जायचे आणि त्याची कड वाचायचे. "राजा काय, सगळ्यांच्या मेडलावर योकच हाय. माणूस कडंला असतोय," म्हणायचे. इंग्रजांच्या काळातल्या कितीतरी लष्करी पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते. मी ते पुस्तकात वाचलं होतं. काकांना ती अक्षरं बोटाच्या पेराला कळायची. कोल्हापूरच्या गुजरीतले सराफ त्यांना कडवाले काका म्हणत, आणि मोडीच्या चांदीत एखादं मेडल आलं की मुशीत टाकण्याआधी त्यांना फोन करत. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागतं. म्हणून तर इतके दिवस लिहिलं नाही.

काका वीज खात्यात मीटर रीडर होते. उभा जन्म त्यांनी कागल, राधानगरी, मुरगूडकडची गावं सायकलवर आणि नंतर लुनावर पालथी घातली. निवृत्त झाले तरी सवय गेली नव्हती. कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यावर थांबून आधी मीटरकडे बघायचे आणि मग आत येता येता विचारायचे, "फ्रीज नवा घेतलासा व्हय?" घरातली माणसं चकित व्हायची. पण ह्याच नोकरीमुळे कुठल्या गावात कुठल्या आडनावाची किती घरं, कुठली भावकी कुणापासून फुटली, हे त्यांना तोंडपाठ होतं. कडेवरचं नाव वाचून ते त्या घराचा शोध घेत आणि सापडलं की मेडल नेऊन देत.

माझं तसं नव्हतं. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो आणि मेडलं जमवायचो. माझ्याकडे निळ्या मखमलीचे कप्पे होते, काचेचं कपाट होतं. एकदा मी त्यांच्यादेखत एक मेडल कापडानं चकचकीत करायला घेतलं, तर त्यांनी हातातून काढून घेतलं. "घासू नका, सर. घासलं की राजा चमाकतोय आनी नाव जातंय." त्यांची स्वतःची मेडलं एका स्टीलच्या डब्यात असत. त्यांचा चुलता दुसऱ्या महायुद्धातून परत आलाच नाही. घरी फक्त मेडल आलं. काकांच्या आईला वाचता येत नव्हतं. तिनं ते जुन्या कपड्यांबरोबर भांडेवालीला घातलं आणि डबा घेतला. "त्योच ह्यो डबा," असं काका सांगायचे. आवाजात दुःखाचा सूर नसायचा, मीटरचा आकडा सांगावा तसं सांगायचे.

मेडल परत देताना ते हार घालून घेत नसत. कागल तालुक्यात एका घरी आम्ही दोघं गेलो होतो. तिथल्या सूनबाईंनी मेडलाला हळदकुंकू वाहिलं आणि काकांच्या पायाला हात लावायला वाकल्या. काका मागं सरकले. "पाया पडू नगा. वाचून दावतो तेवढं ध्येनात ठेवा." मग त्यांनी त्या घरातल्या प्रत्येकाला कडेवरचं नाव मोठ्यानं म्हणायला लावलं. परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "काका, इतकी दुर्मीळ वस्तू. त्या घरात चार दिवसांत हरवेल." ते म्हणाले, "हरवू दे की. त्यांची हाय, त्येच हरवतील." मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी एक चांदीचं मेडल माझ्याकडे आणून दिलं. माझ्याकडे चांगली भिंगं होती म्हणून. पहिल्या महायुद्धातलं होतं. कुणीतरी रिबिनीचा वरचा दांडा काढून तिथं कडी बसवली होती, गळ्यात घालण्यासाठी. तुकाराम जाधव हे नाव स्पष्ट होतं. पलटणीच्या नावातली एम, ए, एच ही तीन अक्षरं दिसत होती. पुढची अक्षरं कडी डागल्याच्या सांध्याखाली गेली होती. त्या काळच्या इंग्रजीत मराठा पलटणीचं नाव ह्याच तीन अक्षरांनी सुरू होई, आणि महार पलटणीचंही. खरं काय ते पलटणीच्या नंबरावरून कळलं असतं, पण त्या नंबराचा शेवटचा आकडा झिजला होता. सात असेल तर मराठा, एक असेल तर महार. मी म्हणालो, "सात आहे." काकांनी पातळ कागद कडेवर धरून पेन्सिल फिरवली आणि उमटलेला ठसा उजेडात धरला. "सात म्हनायचं तर वरली आडवी रेघ कुठाय? ह्याला डोस्कंच न्हाय. ह्यो एक हाय, सर."

ज्या व्यापाऱ्यानं हे मेडल मोडीत घालून गुजरीत आणलं होतं तो मुरगूडच्या पुढच्या एका गावातून आला होता. आम्ही तिथं गेलो. सरपंच जाधवच होते, मराठा समाजातले. त्यांचे वृद्ध चुलते, ज्यांना सगळे आबा म्हणत, ओसरीवर बसले होते. आबा म्हणाले, "आमचा चुलत आजा पलटनीत हुता खरा. बसऱ्याला गेलता. तुकाराम का तात्या, कायतरी नाव हुतं." मी वहीत तुकाराम लिहिलं. त्याच गावात बौद्ध वस्तीत जाधवांची चार घरं आहेत, हे काकांनी मला तिथंच सांगितलं. "आज तिकडंबी जाऊया." मला कोल्हापुरात परत यायची घाई होती. सरपंचांनी सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात मोठा कार्यक्रम ठरवून टाकला. आमदार येणार होते, भाषण माझं होतं. काका म्हणाले, "थांबा की जरा. मी दिल्लीला पत्र घातलंय. शंभर वरसं थांबलंय, आनी दोन म्हैनं थांबू दे." मी थांबलो नाही. उलट कॉलेजातल्या हुद्द्यासह माझ्या सहीचं प्रमाणपत्र लिहिलं, की हे पदक ह्याच घराण्यातल्या वीराचं आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी मी व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होतो, तेवढ्यात एक म्हातारी बाई पुढं आली. अनुसयाबाई जाधव, वस्तीतल्या. त्यांनी मेडल पाहिलेलं नव्हतं. ते अजून माझ्या खिशातल्या डबीत होतं. त्या म्हणाल्या, "सर, त्येला कडी डागलेली हाय का बघा की. माझी सासू सांगायची, सासऱ्याचं मेडल ती गळ्यात घालायची. दुष्काळात इकलं."

कडीबद्दल आम्ही गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. माझा हात खिशातल्या डबीकडे गेला. मग वरून कुणीतरी माझं नाव पुकारलं. "कार्यक्रम झाल्यावर बघू, आजी," असं म्हणून मी वर गेलो. वीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. मेडल सरपंचांच्या हातात दिलं, फोटो निघाला. बोलताना मला दिसत होतं की काका खुर्चीवर नाहीत, पटांगणाच्या टोकाला अनुसयाबाईंच्या शेजारी मातीत बसलेत. कार्यक्रम झाला, आणि मी आमदारांच्या गाडीतून कोल्हापूरला आलो.

दुसऱ्या दिवशी काका घरी आले. चिडले नव्हते. एवढंच म्हणाले, "त्या बाईला नुसतं हातात तरी द्यायचं हुतं, सर."

दोन महिन्यांनी त्यांच्या पत्राला उत्तर आलं. दिल्लीतल्या कुणा निवृत्त अधिकाऱ्यानं जुन्या नोंदवहीच्या पानाची प्रत पाठवली होती. मेडलावरचाच शिपाई नंबर, तुकाराम जाधव, बापाचं नाव, तेच गाव. आणि पलटण महार. काका तो कागद घेऊन एकटेच सरपंचांकडे गेले. सरपंच म्हणाले, "मीटरवाल्यांनी मीटर बघावं. सरांनी लिवून दिलंय." काका माझ्याकडे आले. "तुमच्या चार वळी पायजेत. चुकलं म्हनून लिवा. दुसरं काय नगं."

मी आधी म्हणालो, परीक्षा होऊ देत. मग, निवडणूक होऊ दे. उगाच गावात तेढ नको. मग माझं मेडलांवरचं पुस्तक छापायला गेलं होतं आणि त्या कार्यक्रमाचा फोटो त्यात होता. काका दर दोन-तीन महिन्यांनी यायचे, चहा घ्यायचे, नवीन सापडलेल्या मेडलाबद्दल बोलायचे आणि जाताना चप्पल घालता घालता म्हणायचे, "त्येवढं चार वळींचं बघा." असं तीन वर्षं चाललं. शेवटी शेवटी त्यांची लुना गल्लीत वाजली की मी आत जाऊन बायकोला सांगायचो, मी घरी नाही म्हण. लुनाचा आवाज लांब गेला की बाहेर यायचो. हे लिहितानाही कान तापतात.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. मी भेटायला गेलो. काकूंनी उशा लावून त्यांना बसवलं होतं. उजवा हात गेला होता, बोलणं जड झालं होतं. मला वाटलं, आता तरी विचारतील, आणि मी हो म्हणेन. मनाशी वाक्यही जुळवून ठेवलं होतं. त्यांनी खूप कष्टानं तोंड उघडलं. म्हणाले, "जेवलासा?" मी हो म्हणालो. महिन्याभरात ते गेले.

तेराव्यानंतर काकूंनी त्यांची शोधाची वही माझ्या हातात दिली. एका ओळीत एक नाव, आणि प्रत्येक नावापुढं त्यांच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द: पोचलं. पानामागून पानं. तुकाराम जाधव ह्या नावापुढची जागा कोरी होती. तिथं त्यांना माझं नाव लिहिता आलं असतं. माझी टाळाटाळ नोंदवता आली असती. काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्या रविवारी मी चार ओळी लिहिल्या. खरं तर तीनच झाल्या. सरपंचांच्या घरी गेलो आणि ओसरीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या. सरपंचांनी कागद मागून घेतला. आबा उठले, भिंतीवरची चौकट काढली, मागचे खिळे स्वतः उचकटले आणि मेडल माझ्या हातात ठेवलं. "दुसऱ्याचं आमाला कशाला? आमचा आजा तात्याच हुता. मी तवाच म्हनलं हुतं की. आदीच सांगायचं न्हाय व्हय, पावणं?" इतकंच. ज्या गोष्टीला मी तीन वर्षं भीत होतो ती एका चहाचं आधण यायच्या आत उरकली.

तिथून वस्तीत गेलो. अनुसयाबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी मेडल दिलं. त्यांनी ते पदराला पुसलं आणि ओंजळीत धरलं. मग विचारलं, "काका न्हाय आले?"

मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लई येळा यायचं. आलं की माझ्या सासऱ्याचं नाव माज्याकडनं वदवून घ्यायचं. मी दर येळेला इचारायची, सर कवा येनार? त्ये म्हनायचं, सर येनार हायत, आजी. त्यास्नी कालेजाचं काम लई असतंय."

मी म्हणालो, "आजी, मला काही काम नव्हतं. मी भीत होतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग दिसला नाही, आश्चर्यही नाही. फोडलेल्या शेंगांचं सूप माझ्या पुढं सरकवत म्हणाल्या, "त्ये त्यास्नी ठावं हुतंच की."